कोबाल्ट: दोन्ही टोकं दुसऱ्याच्या हाती

२०१७ साली कॅनडाच्या शेअर बाजारात एक अजब कंपनी उतरली. नाव कोबाल्ट ट्वेंटी-सेव्हन. सत्तावीस हा कोबाल्ट या धातूचा अणुक्रमांक. तिच्याकडे स्वतःची चालती खाण नव्हती, शुद्धीकरणाचा कारखाना नव्हता. मुख्य धंदा एकच: गुंतवणूकदारांच्या पैशातून कोबाल्ट विकत घ्यायचं आणि गोदामात ठेवून द्यायचं. सुमारे तीन हजार टन माल त्यांनी असा साठवला. हिशेब सरळ होता. जग विजेच्या गाड्यांकडे निघालंय, गाडीच्या बॅटरीला कोबाल्ट लागतं आणि कोबाल्ट मोजक्याच ठिकाणी सापडतं; तेव्हा गोदामाला कुलूप लावा आणि वाट बघा. मार्च २०१८ मध्ये लंडनच्या धातुबाजारात भाव टनाला ९५ हजार डॉलरच्या घरात गेला, तेव्हा या मंडळींच्या दूरदृष्टीचं कोण कौतुक झालं! पुढच्या वर्षी तोच भाव तीस हजारांच्या खाली आला आणि २०१९ संपायच्या आत कंपनी दुसऱ्याने घशात घातली.

त्यांना हसायचा अधिकार निदान मला तरी नाही. त्या काळात मीही कोबाल्टच्या टंचाईबद्दल छातीठोकपणे बोलत असे. आज मागे वळून बघताना गंमत वाटते ती याची, की अंदाजाचा पहिला अर्धा भाग खरा ठरला. खरा म्हणजे सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा जास्त खरा. २०१७ मध्ये जगभरात जेमतेम दहा-बारा लाख विजेच्या गाड्या विकल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये तो आकडा १ कोटी ७० लाखांच्या वर गेला. म्हणजे गाड्या पंधरा पट झाल्या. आणि या सात वर्षांत कोबाल्टची एकूण मागणी, फोन, लॅपटॉप, विमानांची इंजिनं असं सगळं धरून, वाढली ती साधारण दुप्पट. उरलेली वाढ गेली कुठे?

ती प्रयोगशाळांमध्ये जिरली. एखाद्या धातूची मागणी मोजताना आपण नकळत ती पाण्याच्या किंवा धान्याच्या मागणीसारखी धरतो: माणसं वाढली की मागणी वाढणार. कोबाल्टचं तसं नाही. त्याची मागणी ही भावाकडे डोळा ठेवून बसलेल्या रसायनतज्ज्ञांची मर्जी आहे. माल महाग झाला की ते तो वगळायच्या मागे लागतात, आणि त्यात त्यांना यश येतं. माझं म्हणणं पुढे जे आहे ते एवढ्यावरच उभं आहे: ज्यांनी ज्यांनी कोबाल्टची मागणी ठरलेली आहे असं गृहीत धरून डाव मांडला, ते फसले. सध्या हा डाव काँगो मांडतो आहे, म्हणजे जगातलं बहुतेक कोबाल्ट ज्याच्या जमिनीतून निघतं तो आफ्रिकेतला देश. खनिज आपलं आणि कमाई दुसऱ्यांची, ही त्याची तक्रार रास्त असूनही तो फसेल असं मला वाटतं.

आधी बॅटरीत नेमकं काय घडलं ते पाहू, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

लिथियम-आयन बॅटरीचा धन बाजूचा थर, म्हणजे कॅथोड, हा बॅटरीतला सर्वांत महागडा पदार्थ. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा कॅथोड शोधला. १९९१ मध्ये सोनीने त्यावर आधारलेली बॅटरी बाजारात आणली. या पदार्थाच्या वजनात ६० टक्के कोबाल्टच असतं. फोनच्या बॅटरीत ते काही ग्रॅम भरतं, त्यामुळे कुणाच्या खिशाला झळ लागत नाही. कमी जागेत जास्त वीज ठासून भरण्यात त्याला तोड नसल्याने फोनवाले आजही त्याला धरून आहेत. गाडीचं गणित मात्र ग्रॅममध्ये मावत नाही. म्हणून गाड्यांसाठी निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचं मिश्रण आलं. सुरुवातीला तिन्ही सारख्या प्रमाणात; या धंद्यातले लोक त्याला एनएमसी १११ म्हणतात. मग निकेल वाढवत आणि कोबाल्ट घटवत ६२२ आलं, पुढे ८११ आलं.

या आकड्यांमागचं वजन पाहा. ६० किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ६० युनिट साठवणारी, मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी घेऊ. १११ वापरलं तर तिच्यात साधारण तेवीस किलो कोबाल्ट लागतं. ६२२ मध्ये बारा-तेरा किलो. ८११ मध्ये पाच-सहा किलो. गाडी तीच, बॅटरी तेवढीच, आणि कोबाल्ट चौथ्या हिश्श्यावर. २०१७-१८ च्या अंदाजांमध्ये गाड्या तर कमीच धरल्या होत्या. दर गाडीमागे किती किलो हे धरण्यात चूक झाली होती.

मग कोबाल्ट पूर्णच का काढून टाकत नाहीत? कारण ते तिथे उगाच बसलेलं नाही. या कॅथोडची रचना मजल्यामजल्यांची असते आणि लिथियमचे आयन दोन मजल्यांमधल्या वाटेने ये-जा करतात. निकेलच्या आयनाचा आकार लिथियमच्या जवळपास असल्याने तो संधी मिळताच लिथियमच्या जागेत जाऊन बसतो. जिन्यात सामान रचून ठेवणारा शेजारी असतो ना, तसा. वाट अडली की बॅटरीची ताकद घटते, चार्जिंग मंदावतं. कोबाल्ट या निकेलला जागच्या जागी धरून ठेवतं. शिवाय निकेल जितकं जास्त, तितका कॅथोड तापल्यावर लवकर ऑक्सिजन सोडतो, आणि बॅटरीच्या आत ऑक्सिजन सुटणं म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून निकेलच्या घराण्यातल्या बॅटऱ्यांमध्ये कोबाल्ट पाच-दहा टक्क्यांवर येऊन अडतं. शेवटचा तुकडा काढणं सर्वांत अवघड. २०१८ च्या जूनमध्ये इलॉन मस्क यांनी पुढच्या पिढीच्या बॅटरीत कोबाल्ट शून्यावर आणू, असं जाहीर केलं होतं. निकेलच्या वाटेने ते शून्य अजून आलेलं नाही.

ते आलं दुसऱ्याच वाटेने, आणि त्या वाटेवरही पुन्हा गुडइनफच उभे होते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर टेक्सासमध्ये त्यांच्या गटाने लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट यांचा कॅथोड दाखवला. एलएफपी या नावाने तो ओळखला जातो. त्यात ना कोबाल्ट, ना निकेल. लोखंड आणि फॉस्फेट; एक गंजायला ठेवतो तो धातू आणि दुसरा खतात जाणारा पदार्थ. ज्या माणसाने जगाला कोबाल्टची सवय लावली, त्यानेच ती सोडवायचं औषधही काढलं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते.

एलएफपीला अनेक वर्षं चीनबाहेर कुणी गाड्यांच्या बाबतीत गांभीर्याने घेत नव्हतं. वजनाच्या मानाने वीज कमी साठते, थंडीत ती आणखी मरगळते. त्यातलं व्होल्टेज चार्ज संपत येईपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे बॅटरीत किती टक्के उरलं हे गाडीच्या संगणकालाही धड कळत नाही. म्हणूनच अशा बॅटऱ्यांच्या मालकांना आठवड्यातून एकदा शंभर टक्के चार्ज करायला सांगतात: काटा जुळवून घेण्यासाठी. पण ही बॅटरी स्वस्त पडते, आगीच्या बाबतीत शांत डोक्याची असते आणि हजारो वेळा चार्ज केली तरी टिकते. चिनी कंपन्यांनी सेलची मांडणीच बदलली. मधले डबे काढून टाकले, लांबलचक सेल थेट खोक्यात बसवले आणि वजनाचा तोटा बराचसा भरून काढला. बीवायडीची ब्लेड बॅटरी २०२० मध्ये आली. २०२१ मध्ये टेस्लाने आपल्या साध्या पल्ल्याच्या गाड्या जगभर एलएफपीवर नेत असल्याचं सांगितलं. २०२४ मध्ये जगातल्या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी जवळपास निम्म्या एलएफपी होत्या. चीनमध्ये तर चारातल्या तीन.

इथे थांबून एक लक्षात घेतलं पाहिजे. एलएफपीचा शोध जुना, पण जगभर तिच्याकडे लोक वळले ते कोबाल्टचे भाव भडकल्यानंतर. भाव हेच त्या बदलाचं इंजिन होतं.

आता पुरवठ्याकडे येऊ. तिथे तर कोबाल्टची अवस्था आणखी विचित्र आहे. केवळ कोबाल्टसाठी चालणारी म्हणता येईल अशी खाण मोरोक्कोतली बू-अझेर. बाकी जवळजवळ सगळं कोबाल्ट तांब्याच्या किंवा निकेलच्या पाठीवर बसून येतं. काँगोच्या दक्षिणेला, लुआलाबा आणि वरचा कटांगा या प्रांतांत, तांब्याच्या खनिजात कोबाल्ट मिसळलेलं असतं. खाणवाला खणतो तांब्यासाठी. तांब्याचा भाव चांगला असेल तर कोबाल्ट मातीमोल झालं तरी खाण चालूच राहते, कारण थांबवली तर तांबंही थांबेल. एरवी भाव पडला की उत्पादक हात आखडता घेतो आणि बाजार सावरतो. कोबाल्टच्या बाजाराला हा नियम लागूच होत नाही.

सीएमओसी या चिनी कंपनीचंच बघा. २०१६ मध्ये तिने तेंके-फुंगुरुमे ही अवाढव्य खाण एका अमेरिकन कंपनीकडून घेतली, नंतर शेजारची किसान्फू उभी केली. २०२४ मध्ये या एका कंपनीने १ लाख १४ हजार टन कोबाल्ट काढलं. २०१७ साली सगळ्या जगाचं खाण-उत्पादन जवळपास एवढंच होतं! तेही अशा वर्षी, जेव्हा कोबाल्टचा भाव रसातळाला चालला होता. तांबं मात्र त्या वर्षी टनाला दहा हजार डॉलरच्या वर जाऊन आलं होतं.

यातली खरी मौज पुढे आहे. कोबाल्ट टाळण्यासाठी गाडीवाल्यांनी निकेल वाढवलं. ते निकेल आलं कुठून? बरंचसं इंडोनेशियातून. तिथलं खनिज आम्लात, प्रचंड दाबाखाली शिजवून निकेल काढतात तेव्हा त्याच्यासोबत कोबाल्टही बाहेर पडतं. २०२१ मध्ये इंडोनेशियाचं कोबाल्ट तीन हजार टनांच्याही आत होतं. २०२४ मध्ये ते २८ हजार टनांवर गेलं आणि तोवर तो देश जगात दुसरा झाला होता. म्हणजे ज्याला टाळायला निघालो तोच मागच्या दाराने घरात येऊन बसला. आणि एलएफपीकडे वळलात तरी गाडीला तांबं लागतंच: मोटरच्या गुंडाळ्यांना, वायरिंगला, चार्जिंगच्या जाळ्याला. तांब्यासाठी काँगो खणला की कोबाल्ट येणारच. विजेची गाडी एका हाताने कोबाल्टची मागणी कमी करते आणि दुसऱ्या हाताने पुरवठा वाढवते. पुरवठ्याचं टोक तांब्या-निकेलच्या हातात, मागणीचं टोक लोखंड-फॉस्फेटच्या. कोबाल्टच्या स्वतःच्या हातात काय उरतं?

जे यातून शहाणपण शोधू पाहतात त्यांना मी १९७८ कडे पाहायला सांगेन. काँगोचं नाव तेव्हा झाईर होतं आणि कटांगाचं शाबा. त्या वर्षी मे महिन्यात अंगोलातून शिरलेल्या बंडखोरांनी कोल्वेझी हे खाणींचं गाव ताब्यात घेतलं. फ्रेंच आणि बेल्जियन छत्रीधारी सैनिक उतरले, काही दिवसांत बंड मोडलं. खाणींचं नुकसान भीतीच्या मानाने मर्यादित होतं, पण जगाच्या बाजाराला धडकी भरली. उत्पादकांचा अधिकृत भाव एका पाउंडाला, म्हणजे अर्ध्या किलोहून थोड्या कमी वजनाला, सात डॉलरच्या आत होता, तो वर्षभरात पंचवीस डॉलरवर गेला. खुल्या बाजारात त्याच्याही पुष्कळ वर. झाईरने कोबाल्ट विमानांतून पाठवलं, एवढी घाई.

आणि मग गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. त्या काळी कोबाल्टचा एक मोठा वापर चुंबकांत होता. लाउडस्पीकरच्या मागे अल्निको नावाच्या मिश्रधातूचं चुंबक असे. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. भाव भडकताच स्पीकरवाल्यांनी स्वस्त फेराइट चुंबक घेतले. ते जड होते, बोजड होते, काहींच्या मते आवाजही तितका गोड नव्हता. पण ते परत फिरले नाहीत. जुन्या स्पीकरचे शौकीन आजही अल्निको शोधत हिंडतात आणि हवी ती किंमत मोजतात, तेवढ्यापुरतीच आता ती मागणी. त्याहून मोठी गोष्ट प्रयोगशाळेत घडत होती. तेव्हाचं सर्वांत ताकदवान चुंबक समॅरियम-कोबाल्टचं होतं. ‘कोबाल्टऐवजी लोखंड चालेल का’ हा प्रश्न जपानमध्ये मासातो सागावा यांनी धरून ठेवला, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतही तोच शोध चालू होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्हीकडून निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं चुंबक निघालं. आज विजेच्या गाड्यांच्या मोटरमध्ये बहुतेक तेच असतं. त्या बाजारपेठेत कोबाल्ट पुन्हा कधी मुख्य दारातून शिरलं नाही.

भाव नंतर खाली आले. गेलेलं गिऱ्हाईक मात्र परतलं नाही. कारण कारखान्याने एकदा साचा बदलला, यंत्रं बदलली, कामगारांना नवी रीत शिकवली, की जुना माल स्वस्त झाला म्हणून कुणी मागे जात नाही.

आता २०२५. फेब्रुवारीपर्यंत कोबाल्ट पाउंडाला दहा डॉलरच्या आसपास घसरलं होतं, महागाई धरली तर कित्येक दशकांतला नीचांक. जगाचं तीन-चतुर्थांश कोबाल्ट ज्याच्या जमिनीतून निघतं, त्या काँगोने २२ फेब्रुवारीला निर्यातच बंद केली. आधी चार महिने, मग आणखी तीन. ऑक्टोबरमध्ये बंदी उठवून कोटा लावला: २०२६ आणि २०२७ साठी वर्षाला ९६,६०० टन. २०२४ मध्ये काँगोतून सुमारे सव्वादोन लाख टन निघालं होतं. म्हणजे निम्म्याहून खाली. वर्ष संपेपर्यंत भाव दुपटीच्या वर गेला.

काँगोची बाजू आधी पूर्ण ऐकू या, कारण ती खरी आहे. खनिज त्याचं, खड्डे त्याच्या जमिनीत, धूळ त्याच्या लोकांच्या फुप्फुसांत. माल कच्च्या हायड्रॉक्साइडच्या रूपात पोत्यांत भरून, ट्रकवर लादून, हजारो किलोमीटर दूर दार-एस-सलाम किंवा डर्बनला जातो आणि तिथून चीनला. जगातलं तीन-चतुर्थांशाहून जास्त शुद्धीकरण तिथे होतं. मोल चढतं ते तिकडे. २०१८ मध्ये काँगोने कोबाल्टला ‘व्यूहात्मक’ खनिज ठरवून स्वामित्वशुल्क दहा टक्क्यांवर नेलं, पण घसरत्या भावाचे दहा टक्के म्हणजे काय? तांब्याच्या मोहापायी कंपन्या कोबाल्टचा पूर आणतात आणि त्या पुरात सरकारचं उत्पन्न वाहून जातं. अशा वेळी नळ आवळावासा वाटणं साहजिकच आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही आवळला असता.

पण किती आणि कशासाठी, हा प्रश्न आहे. पूर थांबवून भाव टिकाऊ पातळीवर आणणं वेगळं आणि पुरवठा निम्मा करून भाव चढेल तितका चढू देणं वेगळं. गाडी बनवणाऱ्या कंपनीत आज जो माणूस २०३० च्या मॉडेलसाठी बॅटरीचं रसायन निवडतो आहे, त्याच्यासमोर दोन-तीन पर्याय आहेत. त्याला नुसता आजचा भाव दिसत नाही. २०१८ चा भडका, २०१९ ची घसरण, २०२२ मध्ये पुन्हा ८० हजार डॉलर, मग पुन्हा गडगडणं आणि आता सरकारी हुकमाने दुप्पट, हा सगळा आलेख त्याच्या डोळ्यासमोर असतो. महाग माल परवडतो. बेभरवशाचा परवडत नाही. एनएमसीचं आयुष्य वाढवायचं तर काँगोने त्याला सांगायला हवं होतं की पुढची दहा वर्षं भाव साधारण या पट्ट्यात राहील. त्याऐवजी जो निरोप गेला तो असा: तुमच्या कारखान्याची किल्ली किन्शासाच्या एका कार्यालयात आहे. एलएफपीची याहून चांगली जाहिरात चिनी कंपन्यांनाही पैसे देऊन करता आली नसती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कोबाल्ट स्वस्त असताना त्याची मागणी परत येताना दिसली होती. मध्यम निकेलचे, जास्त व्होल्टेजवर चालणारे कॅथोड पुन्हा पुढे आले, कारण ८११ बनवणं कटकटीचं आहे. ते दमट हवाही सहन करत नाही. मग मागणी लवचीक आहे, तुटत नाही, असं म्हणता येणार नाही का? काही अंशी येईल. पण हा आक्षेप माझंच म्हणणं पक्कं करतो. गिऱ्हाईक स्वस्ताईत थोडंसं वळतं, महागाईत घर बदलतं. दोन्ही हालचाली सारख्या नाहीत.

दुसरा आक्षेप भूराजकीय आहे आणि त्यात मला जास्त दम वाटतो. एलएफपीचा कॅथोड जवळजवळ सगळा चीनमध्ये बनतो. जुलै २०२५ मध्ये चीनने तो बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. तेव्हा ‘कोबाल्ट सोडलं, सुटलो’ असं ज्यांना वाटतं ते आगीतून उठून फुफाट्यात पडताहेत. युरोप-अमेरिकेत एलएफपीचा वाटा २०२४ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपासच होता. तिथले कारखाने निकेल-कोबाल्टवर उभे आहेत आणि ते रातोरात पाडता येणार नाहीत. म्हणून मला कोबाल्टची मागणी कोसळेल असं वाटत नाही. ती या दशकाच्या शेवटापर्यंत रडतखडत वाढेल, कारण गाड्याच इतक्या वाढताहेत. पण दर गाडीमागे घटत जाईल आणि मग एका पठारावर येईल. जनरल मोटर्स आणि एलजी यांनी २०२८ साठी जाहीर केलेली मँगनीजबहुल बॅटरी, चिनी सोडियम बॅटऱ्या, यांतलं काहीही नीट चाललं तर ते पठार लवकर येईल. ज्यांना वाटतं भाव वाढला की खाणी दुसरीकडे उघडतील, त्यांनी अमेरिकेतल्या आयडाहोची खाण आठवावी: ऑक्टोबर २०२२ मध्ये वाजतगाजत उद्घाटन, मार्च २०२३ मध्ये भाव पडले म्हणून काम थांबलं. पूर्ण क्षमतेने ती चाललीच नाही.

आणि आता तो भाग, जो या विषयावर बोलताना सगळे आधी घेतात. मी मुद्दाम मागे ठेवला, कारण भावाचं गणित समजल्याशिवाय तो समजत नाही.

कोल्वेझीच्या आसपास हाताने खणणारे लाख-दीड लाख तरी लोक आहेत. फ्रेंचमध्ये त्यांना ‘क्रझर’ म्हणतात: खणणारे. सब्बल, फावडं, कपाळावर बॅटरी, कमरेला दोर. हेटेरोजेनाइट नावाचा काळसर दगड पोत्यात भरून ते रस्त्याकडेच्या डेपोवर आणतात. तिथे व्यापारी पिस्तुलासारखं एक यंत्र पोत्यावर टेकवतो. क्ष-किरणांनी ते खनिजातलं कोबाल्ट मोजतं आणि पडद्यावर टक्का दाखवतं. त्या टक्क्यावर भाव. यंत्र व्यापाऱ्याचं, पडदा त्याच्याकडे, तक्ताही त्यानेच लावलेला. यंत्र काय म्हणतंय ते खोटं आहे हे खणणाऱ्याला ठाऊक असलं तरी त्याच्याकडे दुसरं यंत्र नाही. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २०१६ मध्ये काँगोतल्या एका संस्थेबरोबर जो अहवाल काढला, त्यात मुलांनी सांगितलेली दिवसाची कमाई हजार ते दोन हजार काँगो फ्रँक होती, एक-दोन डॉलर. जून २०१९ मध्ये कोल्वेझीजवळ एका मोठ्या खाणीच्या हद्दीत शिरून खणणाऱ्यांवर कडा कोसळला आणि किमान त्रेचाळीस माणसं गेली.

या लोकांचं काय होतं ते भाव ठरवतो. चढला की शेतकरी फावडी घेऊन खड्ड्यांकडे धावतात, पडला की तांब्याकडे वळतात किंवा उपाशी बसतात. मोठ्या खाणी भावाकडे बघत नाहीत, हे बघतात. सगळ्या बाजाराची लवचीकता यांच्या पाठीवर आहे. कोटा लागून भाव दुप्पट होतो तेव्हा हेच लोक पुन्हा आत उतरतात, आणि बाहेर आल्यावर विकायचं कुठे याची वाट अरुंद झालेली असते.

म्हणूनच ‘आमच्या गाडीत कोबाल्ट नाही’ ही पाटी पाहिली की मला अस्वस्थ व्हायला होतं. स्वस्त पडते म्हणून एलएफपी घेतली, इथवर ठीक. त्याला नैतिकतेचा टिळा लावू नका. दहा-बारा वर्षं ज्या खड्ड्यांतून माल घेतला, तिथल्या परिस्थितीत काडीची सुधारणा न करता गिऱ्हाईक निघून गेलं, याला सदाचार म्हणत नाहीत. खणण्याच्या जागा आखून देणं, बोगद्यांना आधार लावणं, डेपोवर दोन्ही बाजूंना दिसेल असं यंत्र ठेवणं, ही कामं स्वस्त आहेत आणि ती होऊ शकतात. अशा काही जागा कोल्वेझीजवळ प्रयोगादाखल चाललेल्याही आहेत. पण ती कामं करायला गिऱ्हाईक जागेवर असावं लागतं. घाईने पळणाऱ्याकडे त्यासाठी वेळ नसतो, आणि भाव चढवून त्याला पळवणाऱ्या सरकारकडे उद्या त्याला थांबवायचं साधन नसतं.

कोबाल्ट गेलं की आणखी एक गोष्ट जाते, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. बॅटऱ्यांच्या पुनर्वापराचा सगळा धंदा कोबाल्टच्या जिवावर उभा राहिला. जुनी बॅटरी फोडून, दळून जी काळी भुकटी मिळते, तिच्यातलं कोबाल्ट आणि निकेल विकून दळणावळ निघते. एलएफपीच्या भुकटीत लोखंड आणि फॉस्फेट. ती दळायचे पैसे उलट द्यावे लागतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे २०३१ पासून गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांमधलं किमान १६ टक्के कोबाल्ट पुनर्वापरातून आलेलं असावं लागेल, २०३६ पासून २६ टक्के. कागदावर हे मोठं वाटतं. पण २०३१ च्या सुमाराला जे भंगारात येणार, ते २०१७-१८ च्या पिढीचं, दर गाडीमागे बारा, कधी वीस किलो कोबाल्ट बाळगणारं. आणि तेव्हाच्या नव्या गाडीला लागणार पाच किलो, किंवा काहीच नाही. एका जुन्या गाडीत दोन-चार नव्या गाड्यांपुरतं कोबाल्ट निघेल.

भंगाराच्या या खाणीला ना तांब्याची वाट बघायची आहे, ना निर्यातीच्या परवान्याची. तिथली काळी भुकटीही पोत्यांतच भरली जाते, आणि तिचाही भाव कोबाल्टचा टक्का मोजूनच ठरतो. तिथे मात्र विकणारा आपला नमुना आपल्या प्रयोगशाळेत तपासून घेतो, मग सौद्याला बसतो.